धानाच्या ट्रॉलीला टायर कोणता घ्यायचा आणि हवा किती भरायची?

भंडारा जिल्ह्यात धानाचं पीक वर्षातून दोनदा निघतं. खरिपाचं दिवाळीच्या आसपास आणि उन्हाळी धान मे महिन्यात, म्हणजे नवतपाच्या तोंडावर. बांधीतून पोती भरून ट्रॉली निघते, लाखनी-साकोलीकडे राष्ट्रीय महामार्ग ५३ वर चढते आणि भर उन्हात टायर फुटतो. दोष उन्हाला दिला जातो. मग सल्ला मिळतो, ‘उन्हाळ्यात हवा थोडी कमीच ठेव.’

हा सल्ला नेमका उलटा आहे.

हवा कमी असली की वजनाखाली टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडते आणि परत सरळ होते. या दुमडण्यातून टायरच्या आतच उष्णता तयार होते, रबर आणि आतले धागे एकमेकांपासून सुटू लागतात. उन्हामुळे दाब वाढतो हे खरं. पण ८० पीएसआय हवा असलेला टायर १० अंशांनी तापला, तर दाब जेमतेम ३ पीएसआयने वाढतो. टायर बनवताना हे गृहीत धरलेलंच असतं. तापलेल्या टायरमधून हवा सोडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो कमी हवेवर धावतो. म्हणून हवा तपासायची ती सकाळी, ट्रॉली हलवण्याआधी.

किती भरायची? टायरच्या बाजूवर जास्तीत जास्त वजन आणि त्यासाठी लागणारा दाब छापलेला असतो. पूर्ण भरलेल्या ट्रॉलीसाठी तोच आकडा धरा. ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या टायरचा अंदाज इथे चालत नाही, ट्रॉलीला त्याच्या कितीतरी पट हवा लागते.

आता खरेदीचं. आधी वजनाचा हिशेब करा. ४० किलोची १०० पोती म्हणजे ४ टन. रिकामी ट्रॉली दीड टनाची धरली तर एकूण साडेपाच टन, चार चाकांवर प्रत्येकी १,३७५ किलो. टायरवर १२१ हा भार निर्देशांक असेल तर तो १,४५० किलो पेलतो. ११८ असेल तर १,३२० किलोच, म्हणजे कमी पडतो. पोती एका बाजूला जास्त रचली की हा सगळा हिशेब कोलमडतो.

अनेक टायरांवर फक्त ‘१६ पीआर’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ आत १६ थर आहेत असा नाही, ती फक्त ताकदीची श्रेणी आहे. बाजूवर बनावटीची तारीख चार अंकांत असते: २३२२ म्हणजे २०२२ चा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत पण बाजूला बारीक भेगा, असा जुना टायर स्वस्तात मिळाला तरी नको. रिमोल्ड चालेल, पण मूळ टायरला फुगवटा किंवा चिरा नसतील तरच. एका धुरीवर दोन्ही टायर एकाच मापाचे आणि प्रकाराचे हवेत. नव्या टायरसोबत ट्यूबही नवीन टाका.

चाकाला लॉक रिंग असेल तर हवा भरताना समोर उभं राहू नका. नीट न बसलेली रिंग दाबाने उडते आणि माणूस दगावू शकतो. पंक्चरवाल्याकडे गर्दी करून बघणाऱ्या पोरांनाही आधी बाजूला करा.