खिसा चाचपून मगच द्या



जुनी पँट किंवा सदरा बोहारणीला द्यायची वेळ आली, की आपला हात आपोआप खिशात जातो. कधी दहाची नोट निघते, कधी औषधाची चिठ्ठी. ही सवय आपल्याला कुणी शिकवली नाही. पण बंद पडलेला मोबाइल किंवा खराब झालेलं मेमरी कार्ड देताना आपण असा खिसा चाचपत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका गटात तेच झालं. सचिवताईंचा नवा फोन बंद पडला. दुकानदारानं वॉरंटीत बदलून दिला आणि जुना ठेवून घेतला. आठवड्यानं लक्षात आलं, की आतलं मेमरी कार्ड काढायचं राहिलं. त्यात कर्जाच्या अर्जासाठी काढलेले बारा जणींच्या आधार कार्डांचे आणि पासबुकांचे फोटो होते. दुकानात विचारलं, तर फोन 'पुढे' गेला होता. आजवर कुणाचं नुकसान झाल्याचं दिसलेलं नाही. पण बैठकीत एकीनं विचारलं, "माझा आधार आता कुणाच्या हातात आहे?" आम्हाला उत्तर देता आलं नाही. म्हणून आज या प्रश्नाचा थोडा इतिहास सांगतो.

सुरुवात कागदापासून करू. ४ नोव्हेंबर १९७९ रोजी इराणची राजधानी तेहरान इथं विद्यार्थ्यांनी अमेरिकेच्या वकिलातीचा ताबा घेतला. आतल्या अधिकाऱ्यांनी घाईघाईनं गुप्त कागद यंत्रात घालून त्यांच्या बारीक पट्ट्या केल्या. आता हे कुणाला वाचता येणार नाही, असं त्यांना वाटलं. पण इराण हा गालिच्यांचा देश. गालिचे विणणाऱ्या कसबी हातांची मदत घेऊन त्या पट्ट्या एकेक करून जुळवल्या गेल्या आणि पुढे ते कागद पुस्तकरूपानं छापले गेले. फाडलं म्हणजे संपलं, हा समज तिथं खोटा ठरला.

दुसरी गोष्ट बायकांची आहे. तेव्हा पूर्व जर्मनी हा वेगळा देश होता. तिथल्या गुप्त पोलिसांना 'श्टाझी' म्हणत. कोण कुणाकडे जातं, पत्रात काय लिहितं, फोनवर काय बोलतं, याच्या फायली ते लोकांच्या नकळत बनवत. नोव्हेंबर १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली आणि या पोलिसांनी आपले कागद नष्ट करायला घेतले. एर्फुर्ट शहरात त्यांच्या कचेरीच्या धुरांड्यातून धूर येताना दिसला. ४ डिसेंबर १९८९ च्या सकाळी 'परिवर्तनासाठी स्त्रिया' नावाच्या गटातल्या बायका पुढे झाल्या. त्यात डॉक्टर केर्स्टिन श्यॉन होत्या, लेखिका आणि चित्रकार गाब्रिएले श्ट्योत्सर होत्या. त्यांनी गावातल्या लोकांना गोळा केलं आणि थेट कचेरीत शिरल्या. हातात शस्त्र नव्हतं. फायली मोहोरबंद करून घेतल्या आणि पुढे नागरिकांचा पहारा बसवला. देशातल्या श्टाझीच्या कचेऱ्यांपैकी लोकांनी ताब्यात घेतलेली ही पहिली. मग इतर शहरांतही तसंच झालं आणि १५ जानेवारी १९९० रोजी लोक बर्लिनच्या मुख्य कचेरीत शिरले.

तोवर बरंच फाडून झालं होतं. फाटक्या कागदांची सुमारे १६,००० पोती उरली. १९९५ पासून ते तुकडे हातानं जुळवायचं काम सुरू झालं. १९९२ च्या जानेवारीपासून लोकांना आपापली फाइल वाचायचा हक्क मिळाला. आपल्यावर नजर कोण ठेवत होतं, हे कित्येकांना तेव्हा कळलं. काहींच्या बाबतीत तो शेजारी निघाला, काहींच्या बाबतीत घरातलाच माणूस.

आता संगणकाकडे येऊ. १९५६ साली आयबीएम कंपनीनं पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. मोठ्या कपाटाएवढी होती, वजन टनाच्या आसपास. आत ५० तबकड्या होत्या, तरी त्यात आजच्या फोनमधले दोन-तीन फोटोही जेमतेम मावले असते. ती चुकून भंगारात जाण्याची भीती नव्हती. पुढे तीच गोष्ट लहान होत खिशात आली, आणि लहान वस्तू हातातून सहज निसटते.

अमेरिकेत सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलाट या दोन संशोधकांनी २००० ते २००२ या काळात वापरलेल्या १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यातल्या १२९ चालू होत्या. २००३ साली त्यांनी निष्कर्ष छापले. नीट साफ केलेल्या डिस्क फक्त १२. बाकीच्यांमध्ये लोकांच्या आजारपणाची माहिती होती, खासगी पत्रं होती, ५,००० हून जास्त क्रेडिट कार्डांचे नंबर होते. एक डिस्क तर पैसे काढायच्या एटीएम यंत्रातली निघाली. विकणाऱ्यांपैकी अनेकांना आपण सगळं पुसलंय असं वाटत असावं.

असं का होतं? आपण 'डिलीट' दाबतो तेव्हा वहीच्या पहिल्या पानावरची अनुक्रमणिका तेवढी खोडली जाते. आतली पानं तशीच राहतात. त्या जागेवर नवं काही लिहिलं जाईपर्यंत जाणकाराला जुनं वाचता येतं. पुष्कळदा 'फॉरमॅट' केल्यावरही असंच होतं.

वॉरंटीतली गोष्टही जुनीच आहे. २००५ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात एका जोडप्याची हार्ड डिस्क बिघडली. दुकानानं बदलून दिली आणि जुनीला भोकं पाडून नष्ट करू, असं सांगितलं. काही महिन्यांनी शिकागोहून अनोळखी माणसाचा फोन आला. त्यानं जुन्या बाजारात २५ डॉलरला एक डिस्क घेतली होती आणि तिच्यात या जोडप्याची सगळी माहिती होती. माणूस भला, म्हणून फोन केला. दर वेळी भलाच माणूस भेटेल, असं नाही. २०२४ साली आपल्या शेजारच्या तेलंगणात पोलिसांनी दारोदार फिरून गोळा केलेले हजारो जुने मोबाइल पकडले. ते सायबर चोरांकडे जाणार होते, असं पोलिसांचं म्हणणं होतं.

मग आपण काय करायचं? दुरुस्तीला, बदलायला किंवा भंगारात काहीही देण्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्यायचं. फोन रीसेट केला तरी मेमरी कार्ड साफ होईलच असं नाही. फोन चालू असेल, तर हवं ते दुसरीकडे उतरवून घ्यायचं, गूगल खातं काढायचं आणि मग सेटिंगमधून पूर्ण रीसेट करायचं. अलीकडच्या बहुतेक स्मार्टफोनमध्ये माहिती कुलूपबंद असते आणि रीसेटनं त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते. फोन चालूच होत नसेल, तर दुसऱ्या फोनवरून गूगल खात्यात जाऊन जुना फोन त्यातून बाहेर काढायचा, पासवर्ड बदलायचा, आणि त्यावर पैशाचे व्यवहार होत असतील तर बँकेला कळवायचं.

खराब मेमरी कार्ड किंवा पेन ड्राइव्हमध्ये कागदपत्रं असतील, तर ते वॉरंटीत परत करू नका. त्याच्या किमतीपेक्षा आतली माहिती महाग आहे. कार्ड पक्कडीनं मोडा, पेन ड्राइव्हमधली काळी चिप फोडा. पण जाळू नका, त्याचा धूर विषारी असतो. आणि फोनवर हातोडा कधीही घालू नका, बॅटरी पेट घेते.

एक गोष्ट मात्र विसरू नका. गटाचे हिशेब, ठराव, कर्जाच्या नोंदी नष्ट करायच्या नसतात. त्यांची प्रत आधी सुरक्षित ठेवा, मगच कार्ड मोडा.

एर्फुर्टच्या बायकांनी जाळले जाणारे कागद वाचवले आणि आम्ही तुम्हाला कार्ड मोडायला सांगतोय. वरवर हे उलटं वाटेल. पण त्या कागदांत माहिती लोकांची होती आणि ती ठेवायची की जाळायची, हे दुसरेच ठरवत होते. बायकांनी तो निर्णय आपल्या हातात घेतला. आपल्या देशातही २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि आपली माहिती पुसून टाका असं सांगायचा हक्क त्यात आहे. पण दुकानाच्या काउंटरवर फोन ठेवताना कायदा शेजारी उभा नसतो. तिथं आपणच असतो.

आमच्या गटानं आता ठरावच केलाय. सभासदांच्या कागदपत्रांचे फोटो काम झालं की काढून टाकायचे, आणि गटाच्या कामाचा फोन बाहेर जाण्याआधी दोघींनी मिळून तपासायचा. पुढच्या बैठकीत तुम्हीही हा विषय घ्या. ज्या बाईची माहिती, तिला विचारल्याशिवाय ती दाराबाहेर जाऊ देऊ नका.