वर्धा परिसरातील कुष्ठवसाहती आणि परस्परसेवेचा इतिहास

वर्धा-नागपूर मार्गावरील केळझर हे सेलू तालुक्यातील गाव सिद्धिविनायकाच्या देवस्थानामुळे विदर्भातील अष्टविनायकांत गणले जाते. महाभारतातील एकचक्रानगरी ती हीच, अशी लोकपरंपरेची धारणा आहे. या धारणेची ऐतिहासिक शहानिशा करणे हा येथे विषय नाही. एकचक्रेच्या कथेतील समाजव्यवस्था मात्र विचारात घेण्याजोगी आहे. बकासुरापासून गाव सुरक्षित राहावे म्हणून प्रत्येक घराने पाळीपाळीने अन्नाच्या गाड्यासोबत एक माणूस द्यावयाचा, असा तेथील करार होता. गावाची सुरक्षितता एकाला गावाबाहेर घालवून साधली जात होती आणि त्यात कोणास काही वावगे वाटत नव्हते. हा करार मोडला तो त्या घरी आश्रयास आलेल्या कुटुंबाने. यजमानाची पाळी कुंतीने आपली मानली.

या कथेची आठवण होण्याचे कारण असे की, ज्या भूप्रदेशात ती रुजली, त्याच भूप्रदेशात विसाव्या शतकात गावाबाहेर घातलेल्या माणसांनी एकमेकांच्या आधाराने जगण्याची एक व्यवस्था उभी केली. ही माणसे कुष्ठरोगाने पीडित होती. दत्तपूर व आनंदवन ही नावे महाराष्ट्रात सर्वपरिचित आहेत. परंतु त्यांचा इतिहास आपल्याकडे प्रामुख्याने सेवाव्रतींचे चरित्र म्हणून लिहिला गेला. ज्यांची सेवा झाली, त्यांनीच या वसाहती चालविल्या, परस्परांची शुश्रूषा केली, ही बाजू त्या चरित्रांत येते, पण ओघाने येते. प्रस्तुत लेखात ती बाजू मध्यवर्ती ठेवून या वसाहतींकडे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

बहिष्काराचे स्वरूप

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेतील हॅन्सन या संशोधकास १८७३ मध्ये आढळला. रोग संसर्गजन्य आहे हे त्यामुळे कळले, पण औषध हाती नव्हते. परिणामी पूर्वापार चालत आलेल्या किळसेला व पापफळाच्या कल्पनेला विज्ञानाचा आधार मिळाल्यासारखे झाले. ब्रिटिश हिंदुस्थानात १८९८ चा लेपर्स अ‍ॅक्ट आला. त्याचा रोख निराधार, भिक्षा मागणाऱ्या रुग्णांना पकडून आश्रयगृहात ठेवण्यावर होता. पण त्याच कायद्यात आणखी एक तरतूद होती. अधिसूचित क्षेत्रात कुष्ठरुग्णाने विक्रीसाठी खाद्यपदार्थ तयार करू नयेत वा विकू नयेत, सार्वजनिक विहिरीवर वा तलावावर अंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत, अशी बंदी घालता येत असे. भाकरी आणि पाणी या दोन्ही ठिकाणी माणसाला अडविण्याची ही सोय होती. पुढे आनंदवनात पहिले काम विहीर खणण्याचे झाले आणि पहिली मोठी लढाई भाजीच्या विक्रीची झाली, याचा अर्थ या तरतुदीशेजारी ठेवल्यावर अधिक स्पष्ट होतो.

कायद्यापेक्षा गावाचा व्यवहार अधिक कठोर होता. मुलीचे लग्न मोडेल, या भीतीने घरातील रुग्णाला गोठ्यात वा शेतातील झोपडीत ठेवले जाई. तेथून पुढचा मुक्काम देवळाची पायरी. या रुग्णांसाठी निवाऱ्याची व उपचाराची सोय प्रथम ख्रिस्ती मिशनऱ्यांनी केली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. तथापि त्या आश्रयगृहांत स्त्री-पुरुषांना वेगळे ठेवण्याची प्रथा होती आणि रुग्ण हा मुख्यतः सांभाळला जाणारा जीव होता.

दत्तपूर व सेवाग्राम

विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्यानजीक दत्तपूर येथे महारोगी सेवा समितीचे काम सुरू केले. गांधीजींनी विधायक कार्यक्रमाच्या सुधारित आवृत्तीत कुष्ठसेवेचा स्वतंत्र समावेश केला, तेव्हा एका भारतीयाने केवळ सेवाभावाने चालविलेली संस्था म्हणून त्यांनी दिवाणांच्याच कामाचा निर्देश केला. दत्तपूरचे वैशिष्ट्य शेतीत व खादीत होते. रुग्णाने झेपेल ते काम करावयाचे आणि वसाहतीचा संसार त्या कामावर चालवावयाचा, हा विनोबांच्या श्रमनिष्ठेतून आलेला विचार तेथे प्रथम राबविला गेला.

'महारोगी सेवा समिती' या नावाकडे येथे लक्ष वेधावेसे वाटते. या नावात महारोगी हा सेवेचा विषय आहे. सेवा करणारा कोणी दुसरा आहे. तेरा वर्षांनी वरोऱ्यास स्थापन झालेल्या संस्थेनेही हेच नाव घेतले. प्रत्यक्षात दोन्ही ठिकाणी सेवेचा बराच मोठा भार रुग्णांनीच वाहिला. नाव आणि व्यवहार यांतील हे अंतर अभ्यासकांच्या नजरेतून निसटले आहे.

सेवाग्राममधील परचुरेशास्त्री यांचे उदाहरणही असेच बोलके आहे. संस्कृतचे हे पंडित येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या परिचयाचे झाले होते. रोग बळावल्यावर ते सेवाग्रामला आले, गांधीजींनी आश्रमवासीयांची संमती घेऊन त्यांना ठेवून घेतले व स्वतः त्यांना मालिश केले. त्या मालिशचे छायाचित्र जगभर गेले. शास्त्रीबुवा आश्रमात संस्कृत शिकवीत, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या स्मरणात नाही. छायाचित्रात ते घेणारे दिसतात. आश्रमाच्या दैनंदिन जीवनात ते देणारेही होते. पुढे ते दत्तपूरला राहिले व १९४५ मध्ये त्यांचे निधन झाले.

आनंदवन : अपुऱ्या शरीरांची बेरीज

बाबा आमटे मूळचे वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटचे (जन्म २६ डिसेंबर १९१४). वरोऱ्यात वकिली व नगरपालिकेचे काम करीत असता, पावसात गटारीकडेला पडलेल्या तुळशीराम नावाच्या मरणासन्न रुग्णाला पाहून ते प्रथम भयाने मागे सरले आणि मग त्या भयाचाच पाठलाग करीत या कामात आले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी दत्तपूरचे काम जवळून पाहिले, कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये प्रशिक्षण घेतले. संस्था १९४९ ची; प्रत्यक्ष वसाहतीचे उद्घाटन विनोबांच्या हस्ते जून १९५१ मध्ये झाले. विदर्भ त्या वेळी मध्य प्रदेश राज्यात होता. शासनाकडून मिळालेली पन्नास एकर खडकाळ जमीन, सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये, असे त्या आरंभाचे वर्णन परंपरेने केले जाते. गंमत अशी की, या यादीत गाय लंगडी होती हे आपल्याला आवर्जून सांगितले जाते, सहा रुग्णांची नावे मात्र सांगितली जात नाहीत.

कुष्ठरोगाने शरीराची हानी कशी होते, हे समजून घेतल्याखेरीज तेथील परस्परसेवेचे स्वरूप ध्यानात येणार नाही. रोग प्रामुख्याने त्वचेवर व मज्जातंतूंवर परिणाम करतो. हातापायांची संवेदना जाते. चटका बसला, काटा रुतला तरी कळत नाही. जखम चिघळते, बोटे आखडतात व झिजतात. पापण्या मिटेनाशा होऊन दृष्टीही जाऊ शकते. पण प्रत्येकाची हानी सारखी नसते. एकाची बोटे गेली असली तरी पाय धड असतात, दुसऱ्याचे तळवे जखमी असले तरी हात चालतात, तिसऱ्याला दिसत नाही पण खांद्यात बळ असते. ज्याला चटका जाणवत नाही, त्याच्या चुलीजवळ डोळस माणूस हवा. ज्याला स्वतःच्या तळव्याची जखम दिसत नाही, त्याचा पाय रोज दुसऱ्याने पाहावा लागतो. बऱ्या झालेल्या रुग्णांनी नव्या रुग्णांच्या जखमा धुणे, पट्ट्या बांधणे, ही कामे अंगावर घेतली. ज्याने तो व्रण स्वतः सोसला आहे, त्याच्या हाताला किळस नसते.

विहीर याच पद्धतीने खणली गेली, शेती याच पद्धतीने झाली. भाजीपाला गरजेपेक्षा अधिक पिकू लागला तेव्हा वरोऱ्याच्या बाजारात तो घेण्यास गिऱ्हाईक तयार नव्हते. पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवक आनंदवनात राहिले, रुग्णांसोबत इमारत बांधली, तेथले अन्न जेवले आणि त्यानंतर गावाची भीती ओसरू लागली, असे या कामाच्या इतिहासात नोंदविले आहे. परक्या मुलखातील तरुणांनी जेवून दाखवावे तेव्हा शेजारच्या गावाने भाजी विकत घ्यावी, हे आपल्या समाजाला फारसे भूषणावह नाही.

महाविद्यालयीन शिक्षकांना विशेष वाटावी अशी घटना १९६४ ची आहे. त्या वर्षी आनंदवनाच्या भूमीवर आनंद निकेतन महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या उभारणीत कुष्ठमुक्तांचे श्रम होते आणि तेथे शिकावयास आली ती परिसरातील निरोगी घरांतील मुले. ज्यांच्या विहिरीवर आपल्याला जाता येत नव्हते, त्यांच्या मुलांसाठी या लोकांनी वर्गखोल्या बांधल्या. दात्याने दान द्यावे व रुग्णाने ते घ्यावे हा क्रम येथे पूर्णपणे उलटला. पुढे अंध विद्यालय, मूकबधिर विद्यालय, अपंगांना कौशल्ये शिकविणारे संधिनिकेतन, अनाथ बालकांसाठी गोकुळ, वृद्धांसाठी घरे, हातमाग, मुद्रणालय, तीनचाकी सायकलींची निर्मिती असा विस्तार होत गेला. कुष्ठमुक्तांच्या वसाहतीने अन्य अपंगांना आपल्यात घेतले, ही या विस्तारातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मानावी लागेल. निरनिराळी अपंगत्वे एकत्र आली की एकाची उणीव दुसऱ्याच्या सामर्थ्याशी जुळण्याच्या शक्यता वाढतात. २००२ मध्ये डॉ. विकास आमटे यांच्या पुढाकाराने निघालेला स्वरानंदवन हा वाद्यवृंद हे त्याचे ऐकता येणारे रूप होय. खुद्द बाबा आमटे यांना पाठीच्या कण्याच्या विकारामुळे पुढील आयुष्यात बसता येत नसे. उभे राहणे किंवा आडवे पडणे एवढेच शक्य होते. संस्थापकही अशा रीतीने इतरांच्या आधाराने जगला.

स्वातंत्र्य की परस्परावलंबन?

अमेरिकेत बर्कले येथे एड रॉबर्ट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये स्वतंत्र जीवन केंद्र स्थापन केले. अपंग व्यक्तीने संस्थेच्या भिंतीआड न राहता शहरात, आपल्या घरात राहावे, मदतनीस तिने स्वतः निवडावा व त्याच्यावर तिचेच नियंत्रण असावे, हा त्या चळवळीचा आग्रह होता. २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंगत्वविषयक करारात हा विचार एकोणिसाव्या कलमाच्या रूपाने आला. भारताने तो करार २००७ मध्ये स्वीकारला. अलीकडे त्याच चळवळीतून असा प्रश्न विचारला जातो की, कोणतेही शरीर खरोखर स्वतंत्र असते काय, आणि आधार देणे-घेणे हे जाळे सर्वांचेच नाही काय. वर्धा परिसरातील वसाहतींचा अनुभव या प्रश्नाच्या कितीतरी आधीचा आहे.

तरीही या वसाहतींना त्या चळवळीचा पूर्वावतार म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. बर्कलेत निर्णय अपंगांच्या हाती होते. येथे श्रम व शुश्रूषा रुग्णांची असली तरी संस्थेचे नेतृत्व संस्थापकांकडे व त्यांच्या कुटुंबीयांकडे राहिले. दुसरे असे की, हे जाळे कुंपणाच्या आत विणले गेले. गावाने नाकारले म्हणून वसाहत झाली. वसाहत उत्तम चालली म्हणून गावाला आपल्या नकाराचा पुनर्विचार करण्याची निकड भासली नाही, हेही तितकेच खरे आहे.

या दुसऱ्या बाजूवर काम केले ते वर्ध्यातच १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग निवारण संस्थेने. डॅप्सोन हे स्वस्त औषध तोपर्यंत उपलब्ध झाले होते. डॉ. वार्डेकर यांच्या मार्गदर्शनाखाली या संस्थेने सर्वेक्षण, लोकशिक्षण व उपचार ही त्रिसूत्री विकसित केली. कार्यकर्त्याने गावोगाव जाऊन घरटी तपासणी करावयाची, रोगाविषयी समजावून सांगावयाचे आणि रुग्णाला त्याच्याच घरी औषध द्यावयाचे. १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने हीच पद्धत अंगीकारली. १९८० च्या दशकाच्या आरंभी बहुऔषधोपचार आला, तेव्हा तो देशात प्रथम राबविलेल्या जिल्ह्यांत वर्ध्याचा समावेश होता. त्यामुळे केळझरसारख्या गावातील नव्या रुग्णाला घर सोडण्याचे वैद्यकीय कारण उरले नाही. वसाहत आणि घर हे दोन मार्ग एकाच जिल्ह्याच्या परिसरात, एकाच गांधीविचाराच्या छायेत वाढले. पण पहिल्याला लोकमानसात जे तेज लाभले ते दुसऱ्याला लाभले नाही. औषधाची गोळी घरी पोहोचविणाऱ्या कार्यकर्त्याचे चरित्र कोण लिहिणार? आणि ज्या आईने, ज्या भावजयीने शेजाऱ्यांचे टोमणे सोसून रुग्णाचे ताट वेगळे काढले नाही, तिची नोंद तर कोणत्याच दप्तरात नाही.

डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाहून कमी झाल्याचे जाहीर झाले. कायदे मात्र रेंगाळले. १८९८ चा केंद्रीय कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण असल्याची व्यक्तिगत कायद्यांतील तरतूद २०१९ मध्ये गेली. 'कुष्ठमुक्त' ही अपंगत्वाची स्वतंत्र वर्गवारी १९९५ च्या कायद्यात होती, ती २०१६ च्या कायद्यातही आहे. ज्यांचा रोग गेला पण बोटे परत आली नाहीत, अशा पिढीचे वार्धक्य आज या वसाहतींत सुरू आहे. त्यांतील अनेकांचे घराशी असलेले नाते ते आले त्या दिवशीच तुटले होते. विहीर कोणी खणली, पहिल्या पट्ट्या कोणी बांधल्या, महाविद्यालयाच्या भिंतीवर वीट कोणी ठेवली, हे त्यांना नावानिशी सांगता येते. वर्धा व चंद्रपूर जिल्ह्यांतील इतिहास विभागांनी त्यांच्या मुलाखतींचे काम हाती घ्यावयाचे असेल तर त्यासाठी उपलब्ध असलेला अवधी फारच थोडा आहे.