उंदीर, पिसू आणि मुंबईचा प्लेग



घर बांधलें कीं त्यांत आपल्याबरोबर आणखी कांहीं मंडळी न बोलावतां राहावयास येतात. संसारांत मुरलेल्या गृहिणीला त्यांची ओळख करून द्यावी लागत नाहीं. दाराच्या चौकटीवर मातीची बारीक नळी चढलेली दिसली कीं वाळवी आली हें तिला समजतें. तांदुळांत पिठूळ भुगा दिसूं लागला कीं टोका, ठेवणींतल्या लोकरी शालीला भोंक पडलें कीं कसर, आणि गादीच्या शिवणीशीं काळे ठिपके दिसले कीं ढेकूण. प्रत्येक किडा आपण केलेल्या नुकसानीवर जणूं आपली सही करून जातो. ती सही ज्याला वाचतां येते त्यालाच उपाय सांपडतो. वाळवी लागली असतां धान्य उन्हांत घालून कांहीं साधत नाहीं.

परंतु घरांतल्याच एका किड्यानें आपल्या देशांत लक्षावधि माणसें मारलीं, आणि त्याची सही सर्वमान्य रीतीनें वाचली जाण्यास दहा वर्षें लागलीं. त्या दहा वर्षांत संशय इतर सगळ्यांवर आला. गटारांवर आला, कपड्यांवर आला, शेजाऱ्यावर आला. आणि शिक्षाहि त्यांनाच झाली. तो किडा म्हणजे पिसू, आणि तो प्रसंग म्हणजे १८९६ सालीं मुंबईंत सुरू झालेला प्लेग. त्या शोधाची हकीकत आज सांगावयाची आहे.

मांडवी हा मुंबई बंदरालगतचा भाग. खालीं मालाच्या वखारी, वर दाटीवाटीचीं बिऱ्हाडें, आणि दोहोंच्या मध्यें धान्यावर पुष्ट झालेले काळे घरउंदीर, अशी त्या काळची तेथील वस्ती होती. सप्टेंबर १८९६ मध्यें तेथें माणसें एका विलक्षण तापानें मरूं लागलीं. जांघेंत किंवा काखेंत गाठ येई, आणि थोड्याच दिवसांत रोगी हातचा जाई. मूळचे गोव्याचे असलेले डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनीं हा गांठीचा प्लेग आहे असें निदान केलें. या रोगाचा जंतु दोनच वर्षांपूर्वीं, १८९४ सालीं, हाँगकाँग येथें अलेक्झांडर येर्सिन यांनीं शोधून काढला होता. तेव्हां मारणारा कोण हें ठाऊक होतें. तो माणसाच्या अंगांत शिरतो कोणत्या वाटेनें, हें मात्र ठाऊक नव्हतें. आणि सगळा अनर्थ त्या अज्ञानांतून ओढवला.

सरकारचा समज असा कीं, रोगाचें मूळ घाणींत, कोंदट हवेंत आणि रोग्याच्या स्पर्शांत आहे. मुंबईचीं गटारें समुद्राच्या पाण्यानें व कार्बालिक घालून धुण्यांत आलीं. घरांवरचीं कौलें उतरविलीं, जमिनी खणल्या, भिंतींना चुना फासला. रोग्याचे कपडे व अंथरुणें जाळलीं. फेब्रुवारी १८९७ मध्यें साथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि त्यानें अधिकाऱ्यांना घरांत शिरण्याचा, रोगी उचलून नेण्याचा व प्रवाशांना अडविण्याचा अधिकार मिळाला. जातपात, पडदा, सोवळेंओवळें यांची पर्वा न करतां माणसें रुग्णालयांत आणि छावण्यांत नेलीं जाऊं लागलीं. लोक इतके बिथरले कीं, ऑक्टोबर १८९६ मध्येंच गिरणी कामगारांच्या जमावानें आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. लाखों लोक मुंबई सोडून गांवीं गेले, आणि कित्येक ठिकाणीं त्यांच्या मागोमाग रोगहि गेला.

पुण्याची हकीकत महाराष्ट्रास विसरतां येण्याजोगी नाहीं. तेथें रँड यांच्या देखरेखीखालीं गोऱ्या सोजिरांकडून घरोघर झडत्या झाल्या. माजघरांत आणि देवघरांत बूट शिरले. त्याची परिणति २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनीं रँड यांच्यावर केलेल्या हल्ल्यांत झाली, आणि चापेकरांना फांसावर जावें लागलें. त्याच वर्षीं १० मार्च रोजीं, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत असतां सावित्रीबाई फुले त्याच रोगानें वारल्या. झडती घेणारा आणि सेवा करणारी, दोघेंहि एकाच अंधारांत वावरत होतीं. खरा शत्रु कोठें लपला आहे, हें दोघांनाहि ठाऊक नव्हतें.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. आपल्या अशिक्षित म्हणविल्या जाणाऱ्या लोकांनीं या अंधारांतहि एक खूण ओळखली होती. गढवाल-कुमाऊंच्या डोंगरांत हा रोग ‘महामारी’ या नांवानें जुनाच होता, आणि घरांत उंदीर मरून पडूं लागले कीं गांव सोडून जावें, अशी तेथील लोकांची रीत होती. महाराष्ट्रांतहि ‘उंदीर पडले’ हे दोन शब्द ऐकतांच गांवकरी घरांना कुलपें लावून माळावर झोपड्या घालून राहूं लागले. उंदराचा आणि रोगाचा संबंध आहे हें त्यांना अनुभवानें पटलें होतें. मधला दुवा मात्र त्यांच्याहि नजरेस आला नव्हता.

तो दुवा प्रथम पाहिला पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें. पॅरिसच्या पाश्चर संस्थेनें त्याला १८९७ सालीं हिंदुस्थानांत धाडलें. रोग्यांना तपासतांना कित्येकांच्या अंगावर, विशेषतः पायावर, त्याला एक बारीक पाणीदार फोड दिसला. किडा चावावा तसा तो फोड होता, आणि त्यांतील पाण्यांत प्लेगचे जंतु होते. लोकरीच्या एका कारखान्यांत सकाळीं पुष्कळ मेलेले उंदीर आढळले. ते उचलावयास लावलेल्या वीस मजुरांपैकीं दहा जण तीन दिवसांत प्लेगनें पडले, हीहि हकीकत त्यानें नमूद केली. नुकता मेलेला उंदीर धोक्याचा असतो, आणि जुना, थंड पडलेला तितका नसतो, असें त्याच्या ध्यानांत आलें. याचें कारण काय असावें? उंदराचें प्रेत थंड झालें कीं त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरें बिऱ्हाड शोधावयास निघून जातात!

२ जून १८९८ रोजीं कराचींत सिमाँनें एक साधा प्रयोग केला. प्लेग झालेल्या माणसाच्या घरांतून पकडलेला, पिसवा असलेला रोगी उंदीर त्यानें काचेच्या मोठ्या बरणींत ठेवला. तो मरावयास टेकला तेव्हां जाळीच्या पिंजऱ्यांतला एक निरोगी उंदीर बरणींत टांगला. दोघांचा स्पर्श होणें शक्य नव्हतें. जाळींतून येजा करणें केवळ पिसवांना शक्य होतें. कांहीं दिवसांनीं दुसरा उंदीरहि प्लेगनें मेला. पिसवा नसलेल्या रोगी उंदराजवळ निरोगी उंदीर ठेवला असतां मात्र त्याला कांहींच झालें नाहीं.

एवढ्यानें वाद मिटावयास हवा होता. पण तो मिटला नाहीं. सरकारनें नेमलेल्या प्लेग कमिशननें या मतास महत्त्व दिलें नाहीं. युरोपांतील कांहीं शास्त्रज्ञांनीं तर असा आक्षेप घेतला कीं, उंदराची पिसू मुळीं माणसाला चावतच नाहीं. हा आक्षेप खोटेपणाचा नव्हता. त्यांनीं पाहिली ती युरोपांतल्या उंदराची पिसू, आणि ती खरोखरच माणसाला सहसा चावत नाहीं. चूक झाली ती ‘पिसू म्हणजे पिसू’ असें मानण्यांत. १९०३ सालीं चार्ल्स रॉथ्सचाइल्ड यांनीं सुदानांतून मिळालेल्या एका वेगळ्या जातीचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि इजिप्तच्या पिरॅमिड बांधणाऱ्या राजावरून तिला ‘किऑपिस’ असें नांव दिलें. हिंदुस्थानांतल्या घरउंदरावर राहणारी पिसू ती हीच. आणि उंदीर मिळेनासा झाला कीं ही माणसाला चावते.

पुढचें काम मुंबईंतच झालें. ग्लेन लिस्टन हे डॉक्टर परळच्या प्रयोगशाळेंत होते. ही प्रयोगशाळा प्लेगची लस तयार करणाऱ्या हाफकिन यांनीं उभी केली, आणि १९२५ पासून ती त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. राणीच्या बागेंतील गिनीपिग प्लेगनें मेले, तेव्हां त्यांच्या अंगावर लिस्टन यांना उंदरांच्या पिसवा सांपडल्या. पुढें एका चाळींत उंदीर मरूं लागले. थोड्याच दिवसांत पिसवांचा असा सुळसुळाट झाला कीं, बिऱ्हाडकरू खोल्या सोडून व्हरांड्यांत निजूं लागले. आणि मग त्यांच्यांत प्लेग आला. त्या माणसांच्या अंगावर पकडलेल्या ३० पिसवा लिस्टन यांनीं तपासल्या, तों त्यांतल्या १४ उंदराच्या निघाल्या. एरवीं माणसांच्या अंगावर मिळालेल्या २४६ पिसवांत उंदराची पिसू एकच निघाली होती. सही वाचावयाची ती अशी!

१९०५ सालीं नेमलेल्या नव्या संशोधन-मंडळानें परळ येथें छोट्या झोपड्या बांधून या गोष्टीची कसून परीक्षा केली. पिसवा नसतील तर रोगी आणि निरोगी गिनीपिग एकत्र ठेवले तरी रोग पसरत नाहीं. पिसवा सोडल्या कीं तो पसरतो, असें दिसून आलें. त्यांनीं एक पिंजरा जमिनीपासून दोन इंचांवर आणि दुसरा दोन फुटांवर टांगला. खालच्या पिंजऱ्यांतल्या प्राण्याला प्लेग झाला, वरचा वांचला. ही पिसू चार-पांच इंचांहून उंच उडी मारूं शकत नाहीं, एवढेंच त्याचें कारण होतें. कोंदट हवा दोन फुटांवर चढली असती. पिसू चढली नाहीं.

मग ही पिसू ओळखावी कशी? ढेकूण वरून दाबल्यासारखा चपटा असतो. पिसू दोन्ही बाजूंनीं दाबल्यासारखी चपटी असते, म्हणून ती केसांच्या दाटींतून सहज धांवते. तिला पंख नसतात. लांबी तिळापेक्षां जास्त नसते, रंग तपकिरी असतो आणि मागचे पाय उडीसाठीं लांब असतात. मांजराच्या पिसवेच्या डोक्यावर व मानेवर कंगव्यासारखे कांटे असतात. उंदराच्या या पिसवेला ते नसतात. तिचीं अंडीं उंदराच्या अंगावरून जमिनीवर गळून पडतात, आणि त्यांतून निघणारी पांढुरकी बिनपायाची अळी अडगळींतल्या धुळीवर पोसते. म्हणून न झाडलेला कोपरा हें तिचें बाळंतघर होय.

चाव्यानें रोग होतो तो कसा, हें १९१४ सालीं बॅकट व मार्टिन यांनीं लंडन येथें दाखविलें. रोगी उंदराचें रक्त प्याल्यावर पिसवेच्या अन्नमार्गांत जंतूंची गुठळी होऊन तो बंद होतो. मग रक्त पोटांत उतरत नाहीं, भूक भागत नाहीं, आणि ती पुन्हां पुन्हां चावते. दर वेळीं ओढलेलें रक्त त्या गुठळीवर आदळून जंतूंसह जखमेंत परत येतें. माणसाला मारणारी ही पिसू स्वतः उपाशी मरत असते. कडक उन्हाळ्यांत ही गुठळी टिकत नाहीं. थंडींत जोर करणारी साथ उन्हें तापलीं कीं कां ओसरे, याचें एक कारण येथें सांपडतें.

या किड्यानें केलेल्या नुकसानीचा हिशेब मोठा आहे. १८९६ पासूनच्या तीस वर्षांत हिंदुस्थानांत प्लेगनें एक कोटीहून अधिक माणसें मेलीं. परंतु दुसरेंहि एक नुकसान झालें, आणि तें किड्यानें केलें नाहीं. संशयापोटीं ज्यांचीं घरें उकरलीं गेलीं, ज्यांच्या बायकांना परक्या पुरुषांपुढें तपासणीसाठीं उभें राहावें लागलें, ज्यांचीं अंथरुणें अंगणांत जळालीं, त्यांच्या मनांतला राग आणि अविश्वास साथ ओसरल्यावरहि उरला. शत्रूची ओळख नसतां शस्त्र उगारलें कीं तें भलत्यावरच पडतें.

आज या रोगावर गुणकारी औषधें आहेत आणि ती भीति ओसरली आहे. तरी १९९४ च्या ऑगस्टांत बीड जिल्ह्यांतील मामला या गांवीं उंदीर पडले, पिसवांचा उपद्रव वाढला, आणि पाठोपाठ गांठीच्या तापाचे रोगी दिसूं लागले. क्रम तोच होता. फरक इतकाच कीं, या वेळीं त्या क्रमाचा अर्थ जाणणारी माणसें होतीं. अशा वेळीं आधीं पिसवा माराव्या आणि मग उंदीर, असा नियम आतां ठरलेला आहे. कारण उंदीर आधीं मारला तर त्याच्या अंगावरच्या पिसवा आपल्याच अंगावर येतात. १८९७ सालीं हा एक नियम ठाऊक असता तर किती माणसें वांचतीं, आणि किती घरांची अब्रू!

म्हणून अडगळीच्या खोलींत मेलेला उंदीर दिसला तर त्याला हात लावूं नये. आणि एकामागून एक उंदीर मरूं लागले तर आरोग्य खात्याला कळवावें. ती सही कशाची आहे, हें आपल्या पणज्या-खापरपणज्यांनीं फार मोठी किंमत देऊन आपणांस वाचावयास शिकविलें आहे.