नाव ठेवण्याचा अधिकार कोणाचा?

1938 साली मुंबई विधिमंडळात ‘हरिजन’ हा शब्द कायद्यात घालण्याचा घाट घातला गेला. बाबासाहेबांनी विरोध केला आणि बहुमताने तो डावलला जाताच आपल्या सभासदांसह सभागृह सोडले. शब्द गोड होता, मग अडचण काय होती? अडचण ही की तो आपला नव्हता, आपल्यावर लादलेला होता.

हा प्रसंग आज आठवायचे कारण सेरेब्रल पाल्सी. जन्माच्या आधी, जन्मताना किंवा लहानपणी मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर, कधी बोलण्यावर परिणाम होतो. त्यावरून बुद्धी मोजता येत नाही, तरी लोक मोजतात. ही मुले मोठी होतात, पण लोकांच्या नजरेत मूलच राहतात. चाळिशीच्या माणसाला काय हवे ते त्याच्या देखत सोबतच्याला विचारले जाते. असे वर्षानुवर्षे झाल्यावर माणूस स्वतःकडेही त्याच नजरेने पाहू लागतो. त्या खचण्याला आपण आजाराचा भाग समजतो. मुळात ती समाजाची देणगी आहे!

ब्रिटनमध्ये 1952 साली ‘स्पास्टिक्स सोसायटी’ निघाली. ‘स्पास्टिक’ म्हणजे ताठरलेल्या स्नायूंचा, निव्वळ वैद्यकीय शब्द. शाळांच्या मैदानांवर त्याची शिवी झाली. शेवटी 1994 साली संस्थेने ते नाव टाकले आणि ‘स्कोप’ झाली.

आपल्याकडे उलटे घडले. डिसेंबर 2015 मध्ये पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ शब्द सुचवला. अपंगांच्या अनेक संघटनांनी हरकत घेतली, तरी तो सरकारी कागदांवर चढला. देवत्व द्यायचे आणि हक्काचे टाळायचे, ही चाल आपण ओळखतो. (जात म्हणजे अपंगत्व नव्हे, तुलना फक्त या चालीची.)

आता जिजा घोष यांचे पाहा. सेरेब्रल पाल्सी असलेल्या या कार्यकर्त्या 19 फेब्रुवारी 2012 रोजी कोलकात्याहून गोव्याला परिषदेसाठी निघाल्या होत्या. विमानात बसल्यावर त्यांना उतरवले गेले. त्या रडत घरी बसल्या नाहीत, सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मे 2016 मध्ये निकाल लागला: दहा लाख रुपये भरपाई. त्या निकालाचा पाया दया नव्हती, संविधानाच्या 21 व्या कलमातली प्रतिष्ठा होती. त्यांनी देवत्व मागितलेच नव्हते. त्यांना विमानातली आपली जागा हवी होती.