रेडिओ दीर्घिकांची दृश्य ओळख
रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या उद्गमाशी दृश्य प्रकाशातील नेमकी दीर्घिका जुळवण्याची पद्धती. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात बोल्टन, स्टॅन्ली व स्ली यांनी कन्या-ए हा उद्गम एम ८७ दीर्घिकेशी जोडला. केंब्रिजच्या ग्रॅहॅम स्मिथ यांनी १९५१ मध्ये हंस-ए चे अचूक स्थान दिले. त्यावरून बाडे व मिंकोव्स्की यांना पालोमारच्या दुर्बिणीतून तेथे अंधुक दीर्घिका सापडली (पहा : रेडिओ ज्योतिषशास्त्र). अडचण उद्गमाच्या आकारात असते : रेडिओ तेज बहुधा दोन दूरस्थ पाळींत एकवटते आणि यजमान दीर्घिका त्यांच्या मधोमध असते. त्यामुळे पाळीलगतची दीर्घिका निवडणे फसवे ठरते. म्हणून स्थानातील अंतर, मापनातील त्रुटी व दीर्घिकेची तेजस्विता यांवरून ओळख बरोबर असण्याची संभाव्यता काढतात. खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या कमी कंप्रतेच्या प्रतिमांत जुन्या, फिकट पाळीही उमटतात. रेडिओ सातत्यकावरून (अखंड रेडिओ वर्णपटावरून) दीर्घिकेचे अंतर कळत नाही; ते दृश्य वर्णपटातील ताम्रच्युतीवरून मिळते (पहा : ताम्रच्युती).