सूक्ष्म वित्ताच्या अभ्यासातील माहितीची साधने : एक ऐतिहासिक परामर्श

प्रस्तावना :

ग्रामीण कर्जाचा इतिहास अभ्यासताना पहिला प्रश्न उभा राहतो तो साधनांचा. कर्ज घेणारा सहसा काही लिहून ठेवत नाही. लिहून ठेवतो तो कर्ज देणारा. त्यामुळे उपलब्ध नोंदी बहुतांशी धनकोच्या हातच्या असतात. ‘सूक्ष्म वित्त’ ही संज्ञा नवी असली तरी ही अडचण जुनीच आहे. धनकोच्या नोंदींवरच विसंबून काढलेले निष्कर्ष अपुरे का ठरतात, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

दख्खनचे दंगे व कर्जाचे दप्तर :

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा उसळला व पुढे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत तो पसरला. रयतेचा मुख्य रोख सावकाराकडील कर्जरोखे व न्यायालयीन हुकूमनामे यांवर होता. ते हिसकावून जाळण्यात आले. कर्जाचा पुरावा एकट्या धनकोच्या ताब्यात असणे हे या संघर्षाचे एक मूळ होते. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने दस्तऐवजांची ग्राम-निबंधकापुढे नोंदणी, भरलेल्या रकमेची पावती आणि हिशेबाचा उतारा यांची तरतूद केली. नोंदीची एक प्रत ऋणकोकडेही असावी, हे तत्त्व त्यामागे होते.

कुटुंबांच्या पाहणीतून मिळणारी माहिती :

स्वातंत्र्योत्तर काळात रिझर्व्ह बँकेने ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ग्रामीण पतपुरवठा पाहणी हाती घेतली. डॉ. धनंजयराव गाडगीळ या समितीचे एक सदस्य होते. १९५१-५२ या वर्षासाठी ७५ जिल्ह्यांतील ६०० गावांतून माहिती गोळा झाली व १९५४ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जउचलीत सहकारी संस्थांचा वाटा केवळ ३.१ टक्के असल्याचे त्यातून दिसून आले. सहकारी संस्थांची स्वतःची दप्तरे कितीही चाळली, तरी हे प्रमाण त्यांतून कळले नसते. कारण सावकाराचे कर्ज त्या दप्तरांत नव्हतेच.

हीच परंपरा पुढे अखिल भारतीय ऋण व गुंतवणूक पाहणीने चालविली. १९७१-७२ पासून राष्ट्रीय नमुना पाहणीमार्फत ती साधारणतः दशकातून एकदा होत आली असून २०१९ मध्येही ती झाली. मात्र १९५१-५२ चे उपरोक्त प्रमाण वर्षभरातील उचलीचे, तर नंतरची बहुचर्चित प्रमाणे विशिष्ट दिवशी येणे असलेल्या कर्जाची आहेत. त्यामुळे ती एका तक्त्यात शेजारी मांडताना सावधगिरी आवश्यक ठरते.

बचत गटांचे आकडे :

नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गट बँकांशी जोडण्याचा पथदर्शी प्रकल्प सुरू केला. मार्च २००२ पर्यंत कर्जजोडणी झालेल्या गटांची एकत्रित संख्या सुमारे ४.६ लाखांवर गेली. याच सुमाराच्या ऋण व गुंतवणूक पाहण्यांत मात्र ग्रामीण कर्जातील संस्थात्मक वाटा १९९१ मधील ६४ टक्क्यांवरून २००२ मध्ये सुमारे ५७ टक्क्यांपर्यंत घसरलेला दिसतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. पहिला गट मोजतो, दुसरा कुटुंबावरील कर्ज मोजतो. शिवाय एकत्रित संख्येतून बंद पडलेले गट वजा होत नाहीत. २००६-०७ पासून नाबार्डच्या वार्षिक अहवालात गटांची बचत, वर्षातील कर्जवाटप, येणे बाकी व थकबाकी यांची स्वतंत्र माहिती येऊ लागली. गटातील प्रत्येक सदस्याची नोंद संगणकावर आणणारा ई-शक्ती प्रकल्प २०१५ मध्ये झारखंडमधील रामगड व महाराष्ट्रातील धुळे या जिल्ह्यांत सुरू झाला.

व्याख्याबदलाचा प्रश्न :

२०१० मध्ये आंध्र प्रदेशात सूक्ष्म वित्त संस्थांचे संकट उद्भवले. एकाच महिलेने अनेक संस्थांकडून घेतलेली कर्जे कोणत्याही एका संस्थेच्या खात्यात दिसत नव्हती. मालेगाम समितीच्या शिफारशींनंतर डिसेंबर २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने या संस्थांसाठी स्वतंत्र वर्ग निर्माण केला. त्या वेळी कर्जदाराची उत्पन्नमर्यादा ग्रामीण भागात ६० हजार रुपये होती. २०२२ च्या नियमांनी वार्षिक तीन लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबास दिलेले विनातारण कर्ज सूक्ष्म वित्त मानले आणि बँकांनाही त्या कक्षेत घेतले. म्हणून २०१२ व २०२३ च्या आकड्यांतील वाढ ही काही अंशी केवळ व्याख्येचीही वाढ असू शकते. पतमाहिती कंपन्यांकडील नोंदींमुळे अनेक संस्थांची कर्जे एकत्र दिसू लागली. परंतु सावकार, दुकानदार वा नातेवाईक यांच्याकडील उसनवार त्यांत येत नाही.

निष्कर्ष :

१) प्रत्येक आकड्यामागील मोजणीचा घटक गट, खाते, व्यक्ती की कुटुंब, हे प्रथम निश्चित करावे.

२) संस्थांच्या अहवालांतून कर्जपुरवठ्याचा विस्तार कळतो, कर्जदारावरील भार कळण्यासाठी कुटुंब-पाहणीचीच जोड द्यावी लागते.

३) कालानुक्रमे तुलना करण्यापूर्वी व्याख्येतील बदल तपासावेत.

४) क्षेत्रीय अभ्यासात गटाची इतिवृत्त वही व बँकेचे खातेपुस्तक यांचा मेळ सदस्यांच्या प्रत्यक्ष कथनाशी घालावा.

सुप्याच्या रयतेने जाळलेले रोखे आणि आजची संगणकीय नोंद यांत मोठे अंतर आहे. तथापि ऋणकोची बाजू स्वतंत्रपणे नोंदविल्याखेरीज कर्जाचे चित्र पूर्ण होत नाही, ही गोष्ट दोन्ही काळांत सारखीच खरी ठरते.