सात दिवस गावासाठी : महाविद्यालयीन सेवाशिबिरांचे स्वरूप, इतिहास आणि मर्यादा

महाविद्यालयांना सुट्टी लागली की देशभरातील विद्यार्थ्यांचे गट खेड्यांची वाट धरतात. गावातील शाळेत किंवा समाजमंदिरात आठवडाभर मुक्काम, सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान वा गटचर्चा, सायंकाळी घरोघरी सर्वेक्षण आणि रात्री सांस्कृतिक कार्यक्रम असा त्यांचा साधारण दिनक्रम असतो. यांतील बहुसंख्य शिबिरे राष्ट्रीय सेवा योजनेची, म्हणजेच ‘रासेयो’ची असतात. अशा शिबिरातून विद्यार्थी घडतो, याबाबत फारसे दुमत नाही. गावाच्या पदरात काय पडते, हे मात्र कामाची निवड, शिबिराची वेळ आणि नंतरचा पाठपुरावा या तीन गोष्टींवर ठरते.

सक्ती की स्वेच्छा?

विद्यार्थ्यांनी सुट्टीचा काळ ग्रामसेवेला द्यावा, असे आवाहन महात्मा गांधी यांनी स्वातंत्र्यपूर्व काळातच केले होते. स्वातंत्र्यानंतर डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने अशी सेवा ऐच्छिक असावी, अशी शिफारस केली. १९५९ मध्ये माजी केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा कल मात्र सक्तीकडे होता. शालेय शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा करावी, असे या समितीने सुचविले. एवढ्या मोठ्या योजनेसाठी लागणारा पैसा आणि यंत्रणा उभारणे कठीण असल्याने ती प्रत्यक्षात आली नाही.

त्यानंतर शिक्षणतज्ज्ञ के. जी. सैयदैन यांनी अन्य देशांतील अशा योजनांचा अभ्यास करून ऐच्छिक स्वरूपाचाच पुरस्कार केला. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर विद्यार्थ्यांना समाजसेवेशी जोडण्याची शिफारस केली. याच सुमारास, १९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळात, जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या मदतकार्यात विद्यार्थी स्वयंसेवकांनी भाग घेतला होता. अखेर गांधी जन्मशताब्दीचे औचित्य साधून २४ सप्टेंबर १९६९ रोजी तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजनेचा प्रारंभ केला. तेव्हा तिच्यात ४० हजार विद्यार्थी होते. आज ही संख्या ४० लाखांच्या जवळपास आहे. कोणार्कच्या सूर्यमंदिरातील रथचक्र हे योजनेचे बोधचिन्ह आहे.

योजनेची रचना

साधारणतः १०० विद्यार्थ्यांचे एक एकक असते आणि त्याची जबाबदारी ‘कार्यक्रम अधिकारी’ म्हणून नेमलेल्या प्राध्यापकाकडे असते. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास समाजकार्य करणे आणि सात दिवसांच्या एका विशेष निवासी शिबिरात सहभागी होणे अपेक्षित असते. या दोन्ही अटी पूर्ण करणाऱ्यास प्रमाणपत्र मिळते. शिबिर शक्यतो दत्तक गावात घेतले जाते आणि एककातील सुमारे निम्मे विद्यार्थी त्यात सामावले जातात.

१ एप्रिल २०१६ पासून योजनेचा संपूर्ण निधी केंद्र सरकार देते. मात्र रक्कम मोजकीच असते. विशेष शिबिरासाठी अनेक वर्षे प्रतिस्वयंसेवक ४५० रुपये, म्हणजे दिवसाला सुमारे ६४ रुपये, असा दर होता. निवास, भोजन, प्रवास आणि कामाचे साहित्य त्यातच भागवायचे असे. त्यामुळे ग्रामपंचायतीचे सहकार्य, ग्रामस्थांनी दिलेले धान्य आणि विद्यार्थ्यांनीच आळीपाळीने सांभाळलेले स्वयंपाकघर यांवर शिबिरे चालत आली. गाव यजमान असते आणि त्याच्या खिशालाही झळ बसते. म्हणूनच गावाला काय मिळाले, ही विचारणा रास्त ठरते.

बंधाऱ्याचे गणित

महाराष्ट्रातील शिबिरांत वनराई बंधारा हे लोकप्रिय काम आहे. मोहन धारिया यांच्या ‘वनराई’ संस्थेच्या नावाने ओळखला जाणारा हा बंधारा सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती वा वाळू भरून, ती ओढ्याच्या पात्रात रचून तयार केला जातो. त्याला यंत्र लागत नाही, खर्चही नगण्य असतो आणि ५० विद्यार्थी एक-दोन दिवसांत तो पूर्ण करू शकतात. अडलेले पाणी जमिनीत मुरते आणि आसपासच्या विहिरींना त्याचा आधार मिळतो.

मात्र हा बंधारा पावसाळा संपल्यानंतर, ओढा वाहता असतानाच घालावा लागतो. शिबिर जानेवारीच्या अखेरीस झाले आणि तोवर पात्र कोरडे पडले, तर पोती रचूनही काही अडत नाही. शिवाय पुढील पावसाळ्यातील पुरात तो वाहून जातो. तो दरवर्षी नव्याने घालणारे हात गावात तयार झाले, तरच पहिल्या वर्षीच्या श्रमांना अर्थ राहतो.

वेळेची अडचण इतर कामांतही येते. दिवाळीच्या सुट्टीत अनेक भागांत खरिपाची काढणी सुरू असते, तेव्हा ग्रामस्थांना शिबिराकडे फिरकायला सवड नसते. मे महिन्यात शेते मोकळी असतात, पण ऊन आणि पाणीटंचाई असते. शिबिराची तारीख केवळ परीक्षांच्या वेळापत्रकावरून ठरली, तर विद्यार्थी एकीकडे खोदतात आणि गाव दुसरीकडे राबत राहते.

कौशल्याचा उपयोग

केरळमधील योजनेच्या तांत्रिक विभागाचा ‘पुनर्जनी’ हा उपक्रम या दृष्टीने उल्लेखनीय आहे. त्यात अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनांचे विद्यार्थी सरकारी रुग्णालयांत मुक्काम करून मोडक्या खाटा, बंद पडलेली उपकरणे आणि विजेची जोडणी दुरुस्त करतात. विद्यार्थी जे शिकत आहेत तेच काम तेथे हवे असते आणि त्याचा परिणाम शिबिर संपल्यावरही टिकतो. हेच तत्त्व अन्य शाखांनाही लागू पडते. वाणिज्य शाखेचे विद्यार्थी बचतगटांना हिशेबात मदत करू शकतात, तर विज्ञान शाखेचे विद्यार्थी पाण्याचे नमुने तपासू शकतात. सर्वेक्षणाचे निष्कर्ष ग्रामसभेपुढे मांडले गेले, तर त्यांचा गावाला उपयोग होतो. ते महाविद्यालयाच्या कपाटात पडून राहिले, तर माहिती देणाऱ्या कुटुंबांचा वेळ वाया जातो.

योजनेबाहेरील वाटा

चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी मे महिन्याच्या ऐन उन्हाळ्यात भरते. तेथे महाविद्यालयामार्फत नव्हे, तर व्यक्तिशः नोंदणी करून युवक येतात. पाणी फाउंडेशनने २०१६ मध्ये वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू केलेल्या वॉटर कप स्पर्धेने पुढील काळात शहरी तरुणांना श्रमदानासाठी गावांकडे खेचले. २०१८ च्या उन्हाळ्यात केंद्र सरकारने स्वच्छ भारत उन्हाळी आंतरवासिता राबविली. त्यात विद्यार्थ्यांनी गावात १०० तास काम करणे अपेक्षित होते आणि त्यासाठी दोन श्रेयांकांची तरतूद होती.

श्रेयांकांमुळे सक्ती आणि स्वेच्छेचा जुना प्रश्न नव्या रूपात समोर आला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये समाजसंपर्क आणि सेवेचा श्रेयांकाधारित अभ्यासक्रमांत समावेश आहे. श्रेयांकांमुळे सेवेला अभ्यासक्रमात हक्काची जागा मिळते आणि नोकरी करून शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही तिच्यासाठी वेळ काढणे सुकर होते. दुसरीकडे, तास भरणे हाच हेतू उरण्याचा धोकाही असतो. मूल्यमापन केवळ हजेरीवर न होता गावाने दिलेल्या अभिप्रायावरही व्हावे, हा त्यावरील एक उपाय ठरू शकतो.

सहभागी होण्यापूर्वी

इच्छुक विद्यार्थ्याने महाविद्यालयातील कार्यक्रम अधिकाऱ्याकडे शैक्षणिक वर्षाच्या प्रारंभी नाव नोंदवावे. शिबिरापूर्वी काही बाबींची खातरजमा करणे हिताचे असते. मुक्कामाच्या जागी विद्यार्थिनींसाठी स्वतंत्र निवास व स्वच्छतागृह आहे का, सोबत शिक्षिका आहेत का, नजीकचे आरोग्य केंद्र किती अंतरावर आहे आणि नदी, विहीर वा तलावात उतरण्यास स्पष्ट मनाई आहे का, हे विचारावे. पालकांना गावाचे नाव व संपर्काची व्यवस्था कळवावी.

याच वेळी आणखी दोन गोष्टी विचारता येतील. कामाची निवड ग्रामस्थांशी बोलून झाली आहे का, आणि महाविद्यालय पुढील वर्षी त्याच गावात परतणार आहे का? या दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर सात दिवसांचे श्रम गावाच्या कामी येण्याची शक्यता बरीच वाढते.